महादेवाचं तळं आणि गज्याची मिशी

लोणावळ्याला माणसं हवा खायला जातात. आम्ही दोघं पुण्याची हवा चार टायरांत भरून घेऊन गेलो आणि ती सगळी तिथल्या काट्यांना वाटून आलो. आल्यापासून ही हकीकत मी आमच्या पेठेतल्या प्रत्येक पारावर सांगितली आहे, आणि दर खेपेला ते तळं थोडं थोडं वाढत गेलं आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या पलीकडच्या काठाला मला स्वतःलाच गलबतं दिसायला लागली. तेव्हा म्हटलं, त्याचा समुद्र होण्याच्या आत हे लिहून काढलेलं बरं.

दोघं म्हणजे मी आणि गज्या. गज्या माझ्या बिऱ्हाडासमोर राहतो, तालमीत वाढलेला आहे आणि सायकलवर बसला की सायकल दिसत नाही, नुसता गज्या रस्त्यावरून सरकताना दिसतो. त्याच्या मिशीबद्दल मात्र आधीच सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिचंच आहे. तशी मिशी आमच्या पेठेत दुसरी नाही. चौकात वळताना गज्याला हात दाखवावा लागत नाही. मिशीचं टोक ज्या अंगाला कलेल, त्या अंगाची वाहतूक आपोआप थांबते. तुळशीची लग्नं लागली की पहिल्याच मुहूर्तावर त्याचं लग्न होतं. मुलीकडे नुसता फोटो गेला होता. होकार आला, आणि माझी खात्री आहे की तो मिशीला आला होता. गज्या तिच्या मागोमाग आला म्हणून त्याला घरात घेतलं इतकंच.

पुणे ते लोणावळा या प्रवासाचं वर्णन करत नाही. सरळ रस्त्याला नुसती लांबी असते. सोमाटण्याला समोरून असा वारा सुटला की तासभर पायडल मारल्यावरही टपरीवरचा तोच माणूस तोच चहा पीत आमच्याकडे बघत होता, एवढं सांगितलं की पुरे.

किसनचं दुकान

लोणावळ्याच्या बाजारात किसनचं सायकलींचं दुकान आहे. हवा भरायला म्हणून थांबलो. किसनलाही मिशी होती, आणि साधी नव्हती. दोन मिशा समोरासमोर आल्या की काय होतं ते सांगायला नको. एका म्यानात दोन तलवारी राहतील, एका दुकानात दोन मिशा राहत नाहीत. त्यात माझी जीभ. मी सहज सांगून टाकलं की गज्यानं मला डबलसीट घेऊन सिंहगड चढवला आहे, आणि वर पोचल्यावर मी जागा झालो.

किसननं पंप खाली ठेवला. म्हणाला, सिंहगड राहू द्या, आमच्याकडे एक तळं आहे. कुसगाव मागं टाकून डोंगरात शिरलं की धरणाची भिंत लागते. त्या तळ्याला सायकलनं पुरा वेढा घालायचा. सकाळी सांडव्याच्या अलीकडच्या काठावरून निघायचं आणि दिवस मावळायच्या आत पुरी फेरी करून परत तिथंच यायचं. आजवर कोणाला जमलेलं नाही.

गज्या म्हणाला, जमलं तर काय? किसन म्हणाला, तुम्ही बोला. आणि गज्यानं, मागचापुढचा विचार न करता, मिशीवर हात ठेवला. किसननंही ठेवला. हरेल त्यानं उतरवायची. पैज लागली.

रात्री धर्मशाळेत पथारीवर पडल्यावर गज्याला घाम फुटला. लग्नाचं एक वेळ निभावलं असतं. पण बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नाही, ही आपल्याकडची रीत. मिशी जाते ती बाप गेल्यावर. गज्याचे वडील, अण्णा, रोज पहाटे एवढे जोर काढतात की खालच्या मजल्यावर छताची माती पडते. अशा माणसासमोर मुलगा गुळगुळीत ओठ घेऊन उभा राहिला, तर अण्णांना आपलाच दहावा डोळ्यांनी बघितल्यासारखं व्हायचं, आणि मग त्यांनी गज्याचा घातला असता.

तळ्याकाठी

सकाळी धरणावर पोचलो तर किसन आमच्या आधी हजर. सोबत बाजारातले केशकर्तनालयवाले पांडूतात्या, आणि त्यांच्या काखेत धोकटी. सांडव्याजवळच्या जांभळाखाली तात्यांनी आरसा टांगला, वाटी काढली आणि पट्ट्यावर वस्तरा ओढायला सुरुवात केली. तो सप्प-सप्प आवाज पाण्यावरून पहिल्या खिंडीपर्यंत आमच्या पाठीमागं येत होता. गज्यानं पहिला चढ जो मारला, तो त्या आवाजाच्या भीतीनं.

दिवाळी नुकतीच झाली होती. डोंगरांवरचं गवत पिकून सोन्यासारखं झालेलं, खाचरांत आंबेमोहोराची कापणी चाललेली, आणि वास असा की नुसत्या वासावर दोन भाकऱ्या जाव्यात. तळं काठोकाठ भरलेलं. पाण्यात डोंगर उलटे दिसत होते, आणि मध्येच पाहिलं तर आम्हीही उलटे दिसत होतो. मला वाटलं तेही पाण्यातच, पण नाही, आम्ही खरोखरच उलटे झालो होतो. वाटेत बैलाएवढा धोंडा होता.

त्या वाटेला वाट म्हणणं हा तिचा मोठेपणा आणि आमचा मूर्खपणा. ती आधी करवंदीच्या जाळीत शिरते, मग ओढ्यात उतरते, ओढ्यातून बाहेर यायचं विसरते, आणि शेवटी खाचराच्या बांधावर चढून वीतभर रुंदीची होते. बांधावरून सायकल हाकताना एका अंगाला चिखल, दुसऱ्या अंगाला पाणी. आपल्या लक्ष्मी रस्त्यावर गर्दीत सायकल हाकायची मला सवय आहे. तिथं माणसाला धक्का लागला तर तो शिव्या देतो. इथं खेकड्याला धक्का लागला तर तो अंगठा धरतो आणि सोडत नाही.

अर्ध्या वाटेवर गज्याच्या पायडलाची कॉटरपिन ढिली झाली. हातोडी नव्हती आणि आजूबाजूचे धोंडे एक तर मुठीत मावेनात, नाही तर ठोकताच फुटत. तेव्हा पिशवीतून लोणावळ्याची चिक्की काढली. घरच्यांसाठी घेतली होती. तिनं पिन अशी बसली की नंतर पुण्याच्या मेस्त्रीला काढता येईना. चिक्कीचा टवकासुद्धा उडाला नाही. ती तशीच घरी नेऊन दिली आणि सगळ्यांनी आवडीनं चोखली.

दुपारी एका खाचरात कापणीवाल्यांची जेवणं चालली होती. तिथल्या एका मावशींनी, ओळख ना पाळख, हाक मारून बसवलं. तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण. आमच्या घरी आमटीत गुळाचा खडा पडतो; या कालवणात बहुतेक विस्तव पडला होता. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली, दुसऱ्याला गज्याच्या मिशीची टोकं आपण होऊन वर झाली. मावशी बघत होत्या. त्यांनी विचारलं की पुण्यात तिखट मिळत नाही का. गज्या रडत रडत म्हणाला की मिळतं. त्यावर त्यांनी आणखी वाढलं.

सांडवा

ऊन कलायच्या आत आम्ही भिंतीच्या पलीकडच्या टोकाला, डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर पोचलो. पंधरा-वीस घरं, मधोमध खळं, खळ्यावर भाताची झोडणी. माझं मागचं चाक मात्र पार बसलं होतं. ट्यूबला इतकी ठिगळं झाली होती की ट्यूब शोधावी लागत होती. वाडीतली मंडळी जमली. त्यांत एक म्हातारेबुवा होते, सगळे त्यांना आबा म्हणत. धिप्पाड देह, आणि नाकाखाली पांढरीशुभ्र मिशी, अशी की गज्या तिच्याकडे बघून नकळत सावधान उभा राहिला. आबांनी ट्यूब उचलली, उजेडात धरली, टाकून दिली, आणि खळ्यावरचा ताजा पेंढा टायरात कोंबायला लावला. हाताला हात लागला आणि चाक उभं राहिलं.

आता पुढं काय उरलं होतं? वाडीतून भिंतीवर जायचं, भिंतीवरून सांडव्याशी, आणि सांडवा ओलांडला की जांभूळ. पाणी जेमतेम घोट्याएवढं वाहत होतं. पलीकडे किसन बसलेला स्पष्ट दिसत होता. पांडूतात्यांनी आरसा आमच्याकडे वळवून उन्हाची तिरीप गज्याच्या बरोबर ओठावर पाडली. गज्या हसला. पैज खिशात होती.

तेवढ्यात आबा झपाझप चालत पुढं आले आणि दोन्ही हात पसरून उभे राहिले. आम्ही तळ्याभोवती फेरी करून आलो आहोत हे त्यांना वाडीत कळलं होतं.

"फेरी करणाऱ्यानं सांडवा वलांडायचा न्हाई," ते म्हणाले. "हितं खाली म्हाद्याव हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. धरण झालं तेव्हा खालचं गाव पाण्यात गेलं. माणसं वर सरकली. देवाला न्यायला पालखी केली, पण पिंड काही जागची हलली नाही. देऊळ तिथंच राहिलं, पाणी चढत गेलं. तेव्हापासून हे सगळं तळं म्हणजेच देऊळ आणि सांडवा म्हणजे देवाची पन्हळ. महादेवाची प्रदक्षिणा कशी असते हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नसते. तिच्या एका काठापासून निघायचं, दुसऱ्या काठापर्यंत जायचं आणि आलो तसं माघारी फिरायचं. बाजाराला जाणारा माणूस सांडवा खुशाल ओलांडतो. फेरीला निघालेल्यानं मात्र नाही.

मी हार मानणारा नव्हे. मी म्हटलं, आबा, सायकलवर बसून गेलो तर पाय जमिनीला लागतोच कुठं? ओलांडते ती सायकल.

आबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "चोर भितीवरनं उडी मारून घरात आला. उंबऱ्याला पाय लागला न्हाई, म्हून त्यो पावना व्हतो व्हय रं?"

वाडीतल्या बायाबापड्या एवढ्या हसल्या की खळ्यावरची पाखरं उडाली. पण हसू ओसरल्यावर आबा हळूच म्हणाले, "तुमी पुण्याला जाशीला, बाबा. हितं आमी ऱ्हातो." भात अजून खळ्यावर होतं, आणि सगळ्यांचे डोळे गज्यावर.

गज्या सांडव्याकडे बघत उभा होता. पलीकडे वस्तरा, मागं सगळी वाट, डोक्यावरून उतरलेलं ऊन. गज्या दर सोमवारी उपास करतो आणि बेल वाहिल्याशिवाय पाणी पीत नाही. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो की चल, चार पायडलांचं काम आहे. त्यानं एक मोठा श्वास घेतला, आणि सायकलचं तोंड माघारी वळवलं.

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात आडवा धरून पलीकडे नजर टाकली. "जांभळाखाली बसलंय ते आमचं किसन्या न्हवं?"

आम्ही म्हटलं, हो, लोणावळ्यात सायकलचं दुकान आहे तोच. त्याच्याशीच पैज लागली आहे. कशावर लागली आहे ते मात्र आबांच्या त्या पांढऱ्या मिशीसमोर बोलायची दोघांनाही लाज वाटली. आबांना बाकीचं उमगायला वेळ लागला नाही. आबांचंच पोरगं, याच वाडीत वाढलेलं. सांडव्यावर आम्हाला वाडी अडवणार, हे त्याला पैज लावतानाच ठाऊक होतं. आबांनी मुंडासं सारखं केलं, गज्याच्या कॅरिअरवर बसले आणि म्हणाले, चला, साक्षीला मी येतो.

माघारी

आलो ती वाट परत कापायची, तीही अर्ध्या वेळात, आणि गज्याच्या मागं एक सबंध आबा. मी तर मनातल्या मनात गज्याच्या सासऱ्यांना कसं समजवायचं याची वाक्यं जुळवायला लागलो होतो. पण देवाला दया आली आणि त्यानं म्हैस धाडली.

वाडीच्या बाहेर चरत होती. मी शेजारून गेलो, तिनं मान वर केली, नाक फेंदारलं. ताज्या आंबेमोहोराचा पेंढा, आणि तो गोल गोल फिरत पळतो आहे. तिनं जन्मात असं काही पाहिलं नसावं. ती माझ्या मागच्या चाकामागं लागली. आधी मला वाटलं गंमत आहे. मग टायरावर जीभ फिरल्याचा आवाज ऐकला, आणि त्यानंतर मी पायडल मारलेलं मला आठवत नाही. पायडलंच मला मारत होती. मी गज्याला मागं टाकलं. गज्यानं मागं वळून पाहिलं आणि मला मागं टाकलं. बांधावरून आम्ही असे गेलो की खेकड्यांना बिळात शिरायला वेळ मिळाला नाही. सकाळी ज्या ओढ्यात आम्ही आपटलो होतो, तो आम्ही ओलांडल्यावर ओलांडल्याचं लक्षात आलं. कापणीवाल्या मावशींनी हाक मारली तेव्हा आम्ही शेजारच्या खाचरात होतो, आणि हाक आमच्यापर्यंत पोचली तेव्हा आम्ही डोंगराआड.

आणि आबा! ते कॅरिअरवर एक हात गज्याच्या खांद्यावर ठेवून बसले होते, आणि प्रत्येक उतारावर पोरासारखे खिदळत होते. मध्येच माझ्याकडे वळून ओरडले की म्हशीला दमवू नका, गाभण आहे. मी विचारलं, मला कोण सांभाळणार? तर म्हणाले, तुमी कुटं गाभण हाय?

म्हशीनं शेवटच्या खिंडीपर्यंत साथ दिली. तिथं टायराच्या फटीतून एक मोठा झुबका सुटून पडला, त्यावर तिनं समाधान मानलं. खिंड उतरलो तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेवर टेकला होता. जांभळाखाली पोचलो तेव्हा अजून नखाएवढा बाहेर होता. कोणी म्हणेल दिसत नव्हता, पण मला दिसला.

किसन उठून उभा राहिला. अजून आबांकडे त्याचं लक्ष नव्हतं. गज्याच्या देहामागं कोणीही झाकलं जातं. तो म्हणाला, गेलात तसेच परत आलात, याला फेरी म्हणत नाहीत. बसा तात्यांसमोर. पांडूतात्यांनी वाटीत साबण कालवायला घेतला. गज्याचा चेहरा बघवेना.

तेव्हा आबा कॅरिअरवरून उतरले.

"म्हाद्यावाची फेरी कशी आस्ती, किसन्या? तूच सांग यास्नी."

बापासमोर आणि देवासमोर किसन काय सांगणार? खाली बघून म्हणाला, पुरी झाली. गज्या आनंदानं सायकलसकट नाचला. मी तर पांडूतात्यांनाच मिठी मारली. तात्या मात्र व्यवहाराचे. माझ्या खांद्यावरून त्यांनी विचारलं, मग आता मिशी कोणाची उतरवायची? किसनची?

आणि अशा रीतीनं आबांना पैज कशावर होती ते कळलं.

त्यांनी आधी किसनकडे पाहिलं, मग गज्याकडे पाहिलं. गज्याला विचारलं, वडील हायती? गज्या म्हणाला, आहेत. आबांनी मान हलवली. मग लेकाला म्हणाले, "मी मेल्यावर काडायची ती. मी कवा मेलो रं?"

किसनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यात पांडूतात्या चुळबुळ करायला लागले. त्यांच्या घराण्याची म्हणे रीत अशी की धार लावलेला वस्तरा कोरडा मिटायचा नाही, नाहीतर वर्षभर गिऱ्हाईक फिरकत नाही. त्यांनी आशेनं माझ्याकडे पाहिलं. मला मिशी नाही. मी पहिल्यांदाच त्याबद्दल देवाचे आभार मानले.

"मिशी उतरवायची ती बाप गेलेल्यानं," आबा म्हणाले. "हितं बाप गेलेला कोन हाय?" आणि कोणी काही बोलायच्या आत मुंडासं काढून ते तात्यांसमोर मांडी घालून बसले.

किसन धावला, नगा आबा, नगा म्हणत हात धरायला लागला. गज्यानं तर पायच धरले. आबांनी दोघांनाही बाजूला सारलं. "तुजी ऱ्हाऊ दे," ते लेकाला म्हणाले. "ती माज्यासाठीच ठिवलीय न्हवं?"

त्यावर किसनच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते थेट सांडव्याला मिळालं असावं, कारण पाणी घोट्याच्या वर चढलेलं मी स्वतः पाहिलं. तात्यांनी हात जोडले, मग वस्तरा चालवला. काम झाल्यावर आबांनी आरशात तोंड पाहिलं, बोटानं ओठ चाचपला आणि असे काही हसले की पलीकडच्या डोंगरानं हसून उत्तर दिलं. म्हणाले, असं बायकी तोंड घेऊन गेलो की म्हातारीला आज सवत आल्यासारखं वाटायचं. तात्यांनी वस्तरा ओला मिटला. पैज फिटली, कोणाची फिटली ते विचारू नका.

निघताना किसन म्हणाला, चला आबा, सांडव्यावरून हात धरून घरी सोडतो, चार पावलं तर आहेत.

आबा जागचे हलले नाहीत. ते पलीकडच्या काठावरून निघून इथवर आले होते, तळ्याला वेढा घालून. म्हणजे त्यांची फेरी अर्धी झाली होती. ती पुरी करायची तर आलो तसं माघारीच जायला हवं. सांडवा काही आता ओलांडता यायचा नाही.

किसननं एकदा आबांकडे पाहिलं, एकदा त्या वाटेकडे. मग मुकाट्यानं आपली सायकल काढली. आबा ऐटीत कॅरिअरवर बसले. आम्ही जांभळाखालून बघत होतो. पहिल्याच चढावर किसनचा दम तुटला आणि तो पाय खाली टेकणार, तोच मागून आवाज आला:

"उतरायचं न्हाई. ही पुण्याची मानसं कुटं बी उतरली न्हाईत, मी बगितलंय."

मी गज्याकडे पाहिलं, गज्यानं माझ्याकडे. दिवसभरात आम्ही किती वेळा उतरलो, पडलो आणि सायकली खांद्यावर घेतल्या, ते त्या तळ्यालाच ठाऊक. पण एवढा वडीलधारा माणूस सांगतो आहे म्हटल्यावर त्याला खोटं पाडायचं आपल्याला शोभत नाही. आम्ही गप्प बसलो, आणि किसन पायडल मारत राहिला.